लालासाबचं कोरं पान

लालासाब बारगीर कोल्हापूर दरबारच्या बँडात तिसरं क्लॅरोनेट वाजवायचा. असं सांगितलं की लोक मान हलवतात आणि त्यांना काहीएक कळलेलं नसतं. म्हणून आधी तेच सांगतो. मी अंबादास, पहिलं क्लॅरोनेट. म्हणजे चाल माझ्याकडे. लोक घरी जाताना जे गुणगुणत जायचे ते मी वाजवलेलं असायचं. दुसरा माझ्या खालोखाल चालायचा. तिसऱ्यानं खालच्या सुरात, चालीला कुठंही आडवं न जाता, भर घालायची. दोन सूर, मग गप्प. चार सूर, की पुन्हा गप्प. वाकळेच्या आत जुनेर घालतात तसं. ते काढलं तर वाकळेला ऊब राहत नाही, पण आत कुणाचं लुगडं आहे हे कोण बघायला जातं?

लालासाब या कामाला जन्मल्यासारखा होता. उंच, वाकलेला, बोलायला कमी. बँडमास्तरांची छडी वर गेली की त्याचा श्वास आत आणि छडी खाली आली की सूर बाहेर. गप्प बसायच्या जागा तो बुटातल्या अंगठ्यानं मोजायचा. आम्ही बाकीचे त्या जागी इकडंतिकडं बघायचो, कुणाच्या पगडीवर माशी बसली म्हणून हसायचो. लालासाब हसायचा नाही. कागदावर गप्प लिहिलंय म्हणजे तेही वाजवायचंच असतं, असं त्याला वाटत असावं.

त्याची बायको खैरुनबी बागवान गल्लीतली. दसऱ्याला सगळी गर्दी हत्ती-घोडे बघायची तेव्हा ही बाई बुरखा सावरत बँडाच्या शेजारून चालायची. घरी गेल्यावर नवऱ्याला विचारायची, "एवढ्यातला तुमचा कुठला?" लालासाब काय सांगणार? तिसरं क्लॅरोनेट वेगळं ऐकू आलं तर ते चुकलं असा त्या कामाचा नियमच आहे. आणि वाद्यं दरबारची. वाजवून झालं की पुसून बँडखोलीत कुलपात जायची, घरी न्यायची सोय नव्हती. त्यामुळे लग्नाला एवढी वर्षं होऊनही नवरा काय वाजवतो हे त्या बाईनं कधी ऐकलं नव्हतं. ती हे हसत सांगायची. हसण्यातली गोष्ट नव्हती ती, पण आम्हीही हसायचो.

एकोणपन्नास साली संस्थान विलीन झालं. बँड मोडला, गणवेश जमा झाले, वाद्यांवर चिठ्ठ्या डकवून ती कुठंतरी गेली. तरुण पोरं इकडंतिकडं लागली. आम्ही चाळिशी ओलांडलेले लग्नाच्या बँडात आलो. मालक अण्णा म्हणून होता. त्यानं आम्हाला लाल कोट दिले, त्यावर कुणाच्या तरी आधीच्या घामाचे डाग होते. कधी गारगोटीची वरात, कधी मलकापूरची. सिनेमातलं नवं गाणं आलं की दोनदा ऐकायचं आणि तिसऱ्यांदा वाजवायचं. मला ते जमलं. मी आधीपासूनच उनाड.

लालासाबला जमलं नाही. त्याच्यापुढं कागद ठेवा, तो काय वाटेल ते वाजवेल. कागद नाही म्हटलं की त्याची बोटं लाकडाची व्हायची. वरातीत कागद कुठला? आणि चाल वाजवायची सवयच नाही. तो माझ्या खाली दोन-चार सूर धरून चालायचा. अण्णा एकदा माझ्यादेखत म्हणाला, "अंबादास, ह्यो गडी वाजिवतुया का नुसता क्लॅरोनेट धरून चालतुया?" लालासाबनं ऐकलं. मला अण्णाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण पोट अण्णाच्याच हातात होतं. त्याचीही वाद्यं दुकानाच्या फळीवरच राहायची, तेव्हा खैरुनबीच्या बाबतीत काही बदललं नाही.

अशी नऊ वर्षं गेली आणि अठ्ठावन्न साली मीनाक्षीबाई आल्या.

मीनाक्षीबाईंचं नाव काढलं की माझं डोकं तापतं, आणि बाई वाईट नव्हत्या म्हणून जास्तच तापतं. शाहूपुरीतल्या वकिलांची मुलगी. आधी मुंबईला पियानो शिकल्या, मग जर्मनीत काही वर्षं राहिल्या. परत आल्या त्या एक नवा वाद्यवृंद करायचा म्हणून. नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचणारे लोक त्यांना हवे होते. कोल्हापुरात असे लोक कुठे? आम्हीच. त्यांनी जुन्या बँडातले जेवढे उरले तेवढे शोधून काढले. मी, लालासाब, कॉर्नेटवाला दिलदार आणि आणखी सात-आठ म्हातारे. वाद्यं मुंबईहून भाड्यानं मागवली. एका शाळेच्या सभागृहात तालीम सुरू झाली.

पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्यापुढं तीन-तीन पानं आणि तीन-तीन चिंचोके ठेवले. चिंचोके अर्धे फोडून घासलेले, एक बाजू काळी, एक पांढरी. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. दिलदार हळूच म्हणाला, "पट खेळाय बलिवलंय व्हय आपल्याला?"

खेळ असा होता. वाजवण्याचे तीन भाग. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला प्रत्येकानं आपले चिंचोके टाकायचे. एक पांढरा पडला तर पहिलं पान. त्यावर एकच लांब सूर, तो हवा तेवढा वेळ धरायचा. दोन पांढरे पडले तर दुसरं पान. त्यावर सुरांचे लहान-लहान तुकडे, हवे त्या क्रमानं, हव्या त्या लयीत वाजवायचे. तिन्ही पांढरे पडले तर तिसरं पान, आणि ते पान कोरं. त्यावर स्वतःचं वाजवायचं, जे सुचेल ते. आणि तिन्ही काळे पडले तर तो सगळा भाग गप्प बसायचं. छडी नाही, मास्तर नाही. बाई स्वतः कोपऱ्यात खुर्चीवर बसणार.

"कोण काय वाजवेल हे मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "जे होईल ते एकदाच होईल. पुन्हा तसं कधीच होणार नाही. तुम्ही आजवर दुसऱ्याच्या छडीवर वाजवलंत. आता तुम्ही मोकळे आहात."

देश मोकळा होऊन अकरा वर्षं झाली होती. आमचा नंबर आता लागला म्हणायचा.

माझ्यासारख्याला तो खेळ आवडला, हे कबूल करतो. पण लालासाबला तालमीत पहिल्यांदा कोरं पान आलं तेव्हा मी शेजारी होतो. त्यानं क्लॅरोनेट तोंडाला लावलं. गाल भरले. आणि काही आलं नाही. तो कोऱ्या कागदाकडं बघत राहिला, त्यावर आत्ता काहीतरी उमटेल अशा आशेनं. भाग संपला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "माझं असं काय हायच कुठं, अंबादास? तिसऱ्या क्लॅरोनेटला सोताचं काय आसतंय?"

त्याच सुमारास खैरुनबीच्या पायांवर सूज आली. डॉक्टरनं छाती तपासली आणि लालासाबला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय दमलंय, फार दिवस धरू नका. मुलगी शिरोळला दिली होती, ती येऊन राहिली. मी बघायला गेलो तेव्हा खैरुनबी उशीला टेकून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास पुरत नव्हता.

"भावजी, ह्येंना त्या बाईनं एकटं वाजवायला लावलंय म्हणं, खरं काय?" तिनं विचारलं.

"चिंचोकं पडलं तर, भाभी."

"पडतील की," ती म्हणाली. "मला न्यायला लावा तेवढं. चार लोकांत ह्येंचा आवाज एकदा ऐकायचाय. मग काय बी होऊ दे."

मी लालासाबला म्हटलं, "गड्या, क्लॅरोनेट एक दिवस मागून घे बाईकडनं. घरात वाजीव. चिंचोक्याच्या भरवशावर कशाला बसतोस?" तो मान हलवत म्हणाला, "घरात नगं. तिला चार लोकांत ऐकायचंय. दसऱ्याला माझ्यामागनं चालली त्ये काय घरात ऐकायला?" मला हे तेव्हा पटलं होतं. अजूनही त्याची चूक म्हणवत नाही.

मग हा माणूस बदलला. तालमीच्या आधी तासभर येऊन बसायला लागला. एकटाच सभागृहाच्या मागच्या खोलीत वाजवायचा. रोज थोडं जोडायचा, थोडं खोडायचा, कागदावर लिहून ठेवायचा. लिहिल्याशिवाय त्याला राहवेना. आषाढापासून दसऱ्यापर्यंत त्यानं एक चाल बांधली. लहानशीच. सगळी खालच्या सुरांत, वर फारशी जायचीच नाही, आणि मध्येमध्ये गप्प जागा. त्या त्याला सोडवल्या नाहीत. त्यानं मला ती ऐकवली तेव्हा मी ती लगेच पुन्हा वाजवायला लावली. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाली मिरवल्या, माझी एकही नाही. या माणसाकडं एक होती.

कार्यक्रम एका थिएटरात, दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी होता, कारण दुपारी तिथं सिनेमा असायचा. बाईंनी आमच्यापुढं पातळ पांढरा पडदा सोडला होता. लोकांनी बघू नये, नुसतं ऐकावं म्हणून. खैरुनबीला मुलीनं आणि मी मिळून टांग्यातून आणलं, खुर्चीवर बसवलं. ती हिरवं लुगडं नेसून आली होती. धाप लागलेली, पण तोंडावर लग्नघरात आल्यासारखा आनंद. "आता वळीकते का न्हाय बघा," ती म्हणाली.

पहिला भाग. चिंचोके टाकले. लालासाबला एक पांढरा. लांब सूर. त्यानं तो धरला, खाली, स्थिर, सगळ्यांच्या गोंगाटाच्या तळाशी. दरबारात होता तिथंच नशिबानं त्याला पुन्हा बसवला. दुसरा भाग. पुन्हा एक पांढरा. मधल्या वेळात लोक ओरडायला लागले होते. "आवो, वाद्यं जुळवून झाली आसली तर वाजवा की आता!" कुणीतरी शिट्टी मारली. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. निम्मं कोल्हापूर उठून चहाला गेलं असावं.

तिसऱ्या भागाला लालासाबनं चिंचोके मुठीत बराच वेळ धरले. ओठ हलत होते. टाकले. तिन्ही काळे.

दिलदारनं ते बघितलं. त्याचे स्वतःचेही काळेच पडले होते आणि त्यानं केव्हाच बुटाच्या टोकानं दोन उलटे केले होते. "आरं, उलटं कर की," तो कुजबुजला. "पडदा हाय म्होरं. कोण बघतंय?" मीही म्हटलं, "लालासाब, भाभी बसल्यात. वाजीव."

"पडलं त्ये पडलं," तो म्हणाला. त्यानं क्लॅरोनेट मांडीवर आडवं ठेवलं. मला राग आला. अजून येतो. सगळं जग आपापले चिंचोके उलटे करतं तेव्हा यानंच काय खरेपणाचा मक्ता घेतला होता? पण कागदावर गप्प असलं की गप्प, हे त्याच्या हाडात गेलं होतं. बाईंनी दिलेली मोकळीक त्याच्या हाडापर्यंत पोचलीच नव्हती.

माझे तिन्ही पांढरे पडले होते.

मी वाजवलं. काय वाजवलं विचारू नका. बाकी बहुतेकांचे काळे पडले असावेत, कारण थोड्या वेळानं दिलदारही थांबला आणि माझं क्लॅरोनेट एकटंच उरलं. बोटं जिकडं नेतील तिकडं मी जात होतो. शेजारी लालासाब अंगठ्यानं मोजत होता, हे मला दिसत होतं. त्याच्यासाठी म्हणून मी वाजवत होतो, का त्याच्यावरच्या रागानं, ते सांगता येणार नाही. लोक मात्र शांत झाले. सबंध सकाळीत पहिल्यांदाच. संपलं तेव्हा टाळ्याही पडल्या.

टांग्यात मी पुढं बसलो होतो. मागं लालासाब, खैरुनबी आणि मुलगी. बिंदू चौक मागं पडला. मग खैरुनबी म्हणाली, "शेवटाला एकट्यानं वाजिवलासा, मी लगीच वळीकलं."

मी वळून बघितलं नाही.

"एवढ्या वर्सांत आज कळलं तुमचा आवाज कसा हाय त्यो," ती धापा टाकत बोलत होती. "मला वाटायचं, तुमी असंच काय तरी फूं फूं करत आसशीला. पण काय वो ते! माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या बाईला सांगितलं मी, ह्ये आमचं मालक हाईत."

टांग्याची चाकं वाजत होती.

"व्हय," तो म्हणाला.

खैरुनबी त्या आठवड्यातच गेली. पण जाण्याआधी तिनं एकच धरून ठेवलं होतं. तेवढं एकदा पुन्हा ऐकवा. पाणी देताना, पाय चेपताना, ती तेच म्हणायची. कार्यक्रमानंतर तिसऱ्या दिवशी लालासाब माझ्याकडं आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"अंबादास, त्वा काय वाजिवलंस त्ये मला लिवून दे. कागद दिलास की मी काय बी वाजिवतो. तुला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. मी मीनाक्षीबाईंकडं गेलो. वाद्यं अजून मुंबईला गेली नव्हती. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच एक क्लॅरोनेट काढून दिलं, म्हणाल्या, लागेल तेवढे दिवस ठेवा. मी विचारलं, त्या दिवसाचं काही टेपवर वगैरे घेतलं होतं का. बाईंचा चेहरा उतरला. "मुद्दाम नाही घेतलं हो," त्या म्हणाल्या. "ते पुन्हा होऊ नये, हाच तर..." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी क्लॅरोनेट घेऊन निघालो.

माझ्या घरात आम्ही दोघं बसलो. मी वाजवायला घेतलं. पहिल्यांदा एक आलं, ते ते नव्हतं. पुन्हा घेतलं, वेगळंच आलं. लालासाब पेन्सिल धरून बसला होता, आणि दर वेळी मान हलवत होता. त्यानं त्या दिवशी गप्प बसून प्रत्येक सूर ऐकला होता. त्याला ते आठवत होतं, पण दुसऱ्याचं एकदा ऐकलेलं कानातून बोटात आणायची विद्या त्याच्याकडं नव्हती. माझ्याकडं विद्या होती आणि मला आठवत नव्हतं. मी डोकं धरलं, स्वतःला शिव्या दिल्या, वरातीतली सगळी गाणी उसवून बघितली. दुपार उलटली. शेवटी तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. चल, तू बी चल."

खैरुनबी उशीला टेकून होती. ओठ निळसर झाले होते. क्लॅरोनेट बघून तिचे डोळे उघडले. मुलीनं दार लावून घेतलं. मी कोपऱ्यात उभा राहिलो. लालासाब पलंगाशेजारी स्टुलावर ताठ बसला, तोंडाशी बसवायची रीडची पट्टी ओली केली आणि त्यानं स्वतःची चाल वाजवली. आषाढापासून बांधलेली. एकही सूर हलला नाही. गप्प जागा जिथल्या तिथं. मी ती आधी ऐकली होती, पण अशी नाही. एवढं चांगलं मी जन्मात वाजवलं नाही, आणि हे मी उगाच म्हणत नाही.

संपल्यावर खैरुनबी नवऱ्याकडं बघत होती.

"ह्ये न्हवं," ती म्हणाली. "ह्ये कुणाचं?"

लालासाबनं माझ्याकडं बघितलं नाही. "आसंच," तो म्हणाला. "कुणाचं तरी हाय."

"त्या दिशी तुमी वाजिवलासा त्ये वाजवा की. तुमचं वाजवा."

"त्ये आता यायचं न्हाय, खैरुन. एकदाच यायचं हुतं त्ये."

ती थोडा वेळ श्वास गोळा करत राहिली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मग," आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं. लालासाबनं रीड काढली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि क्लॅरोनेटचे तुकडे एकेक करून पेटीत ठेवले.